मुळं, पाणी आणि ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पान पिवळं पडलं की पाच मिनिटांत फोटो येतो. मुळाचा फोटो मात्र आजवर कुणी आपणहून पाठवलेला नाही. मागितला की उत्तर ठरलेलं: "त्यासाठी झाड उपटावं लागेल ना!" उपटा की. एकरात हजारो झाडं आहेत, एखादं गेल्याने पीक बुडत नाही. खालचे प्रश्न शेतकऱ्यांचे आहेत, गच्चीवर बाग करणाऱ्यांचे आहेत, आणि दोन-तीन बारावीच्या पोरांचेही आहेत.

ताण म्हणजे फक्त पाण्याचा ताण ना?

आपल्या बोलण्यात हो. "बाग ताणावर सोडली" म्हटलं की पाणी तोडलं हे वेगळं सांगावं लागत नाही. वनस्पतिशास्त्रात मात्र पाणी जास्त झालं तरी तो ताणच. जमिनीतले क्षार, घट्ट माती, तापलेली माती, स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता हेही ताणच. यातल्या बहुतेक गोष्टींशी पहिली गाठ मुळाची पडते. पान मलूल दिसेपर्यंत खाली बरंच काही घडून गेलेलं असतं.

मूळ वाढतं कुठून, बुडातून की टोकातून?

टोकातून. आणि हे घरी बघता येतं. मोड आलेला हरभरा घ्या, मूळ दोन-अडीच सेंटीमीटरचं झालं की त्याच्यावर बारीक पेनाने समान अंतरावर शाईच्या रेघा मारा आणि ओल्या कागदात गुंडाळून उभा ठेवा. दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या रेघा लांब-लांब गेलेल्या दिसतील, वरच्या होत्या तिथेच.

अगदी टोकाला टोपी असते, मूळटोपी. ती मातीत घासून झिजते, नवी तयार होते, आणि बुळबुळीत चिकट स्राव सोडून वाट मोकळी करते. टोपीच्या मागे पेशी विभागतात, त्यामागे त्या लांब होतात, आणि लांबणं थांबलं की मगच मूळरोम फुटतात. मूळरोम म्हणजे एकेका पेशीचा बाहेर आलेला केसासारखा भाग. त्यांचं आयुष्य बहुधा काही दिवसांचंच. शेतकरी ज्याला "पांढरी मुळी" म्हणतात ती हीच टोकाकडची कोवळी मुळी. पाणी आणि अन्न ओढण्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा. रोप उपटून लावलं की दोन दिवस मान टाकतं, कारण नेमकी हीच टोकं आणि रोम जुन्या मातीत तुटून राहतात.

एका रोपाला मुळं असतात तरी किती?

अमेरिकेत हॉवर्ड डिटमर नावाच्या संशोधकाने हे खरोखर मोजलं आणि १९३७ साली आकडे छापले. एका लाकडी खोक्यात चार महिने वाढवलेलं राय या धान्याचं एकच झाड. त्याला सुमारे १ कोटी ३८ लाख मुळं निघाली, त्यांची एकूण लांबी ६२० किलोमीटरच्या आसपास. मूळरोम सुमारे १४०० कोटी, आणि त्यांची लांबी दहा हजार किलोमीटरच्या वर. खोकं होतं फूटभर लांब, फूटभर रुंद आणि पावणेदोन-दोन फूट खोल.

मुळाला खाली कुठे आहे हे कळतं कसं?

मूळटोपीतल्या काही पेशींत पिठूळ कणांचे दाणे असतात, स्टार्चचे. ते जड असल्याने पेशीच्या तळाला बसतात. रोप आडवं केलं की दाणे नव्या तळाकडे घरंगळतात, त्याबरोबर ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं. मुळामध्ये ऑक्सिन वाढलं की पेशींचं लांबणं मंदावतं. खालची बाजू हळू, वरची भरभर, त्यामुळे मूळ खाली वळतं. मुळाचं टोक काढून टाकलं तर हे भान जातं, हे चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने केलेल्या प्रयोगांतून १८८० साली मांडलं होतं.

सगळी मुळं सरळ खाली जात नाहीत, बाजूची तिरकी जातात. तो कोन किती हे काही अंशी जनुकांत असतं. फिलिपिन्समधल्या किनांदांग पातोंग या कोरडवाहू भाताची मुळं खोल जातात. त्याच्यातलं त्यासाठीचं जनुक जपानी संशोधकांनी उथळ मुळाच्या आयआर ६४ या जातीत आणलं, तर दुष्काळी परिस्थितीत तिचं उत्पन्न चांगलं टिकलं. हे काम २०१३ चं.

पाण्याचा वास घेत मूळ लांबून येतं, हे खरं का?

नाही. चार-पाच फुटांवरचं पाणी मुळाला कळत नाही. पण त्याच्या दोन बाजूंना ओलाव्याचा फरक असेल तर तो कळतो आणि मूळ ओलीकडे वळतं. ड्रेनेजच्या पाइपात पिंपळाची मुळं शिरतात, तिथे पाइप आधी पाझरत असतो. भोवतालची माती ओली होते, तिथे पोहोचलेल्या मुळाला फांद्या फुटत जातात आणि एखादी फटीतून आत जाते.

हे फांद्या फुटणं फार मजेशीर आहे. झाडाच्या फांदीला डोळा बाहेर असतो. उपमूळ मात्र मुळाच्या आतल्या थरातून निघतं आणि बाहेरच्या पेशी बाजूला सारत वर येतं. कुठल्या बाजूने निघायचं हे ओलाव्यावर ठरतं: मुळाची एक बाजू ओल्या मातीला आणि दुसरी हवेला टेकली असेल तर उपमुळं ओल्या बाजूनेच येतात. मूळ मातीतल्या मोठ्या पोकळीतून जात असेल तर तेवढ्या भागात फुटणं थांबतं, ओल लागली की पुन्हा सुरू. ठिबकवरच्या बागेत ड्रीपरखाली मुळांचा गुच्छ का सापडतो, त्याचं उत्तर इथे आहे. म्हणून झाड मोठं झाल्यावर लॅटरल, म्हणजे ड्रीपर असलेली नळी, खोडापासून बाहेर सरकवायला सांगतात. ती वर्षानुवर्षं बुंध्यालाच चिकटून ठेवायची आणि मग झाड वाऱ्याने पडलं म्हणून वाऱ्याला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

पाऊस ओढ देतो तेव्हा मुळं काय करतात?

माती सुकायला लागली की मुळं पानांना निरोप धाडतात. त्यातला एक निरोप रासायनिक असतो, आणि त्याचा शेवट पानांत ॲब्सिसिक आम्ल वाढण्यात होतो. त्याने पर्णरंध्रं मिटतात, पाणी उडणं कमी होतं. सोबत अन्नही कमी तयार होतं, पण जे होतं त्यातला मोठा वाटा मुळांकडे जातो. म्हणून कोरड्या साली वरून खुजं दिसणारं झाड खाली तितकं खुजं नसतं. वरच्या थरातली बारीक मुळं मरतात, जाड मुळांच्या सालीत मेणचट थर चढतो, म्हणजे आतलं पाणी सुकलेल्या मातीने ओढून घेऊ नये. खाली ओल असेल तर खालची टोकं चालत राहतात.

काही झाडं त्याच्याही पुढे जातात. रात्री पानं पाणी उडवत नाहीत तेव्हा खोल मुळांनी ओढलेलं थोडं पाणी वरच्या मुळांतून कोरड्या मातीत पाझरतं. अमेरिकेच्या माळरानावरच्या झुडपांत हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं, नंतर बऱ्याच झाडांत दिसलं.

जुनी माणसं पेरणीनंतर पहिलं पाणी द्यायची घाई करू देत नसत, "मुळी खाली जाऊ दे" म्हणायची. त्यात तथ्य आहे, रोज वरवर भिजवलेल्या पिकाची मुळं वरच राहतात. पण ही युक्ती खाली ओल असेल तरच. मुरमाड जमिनीत वीतभर खाली ठणठणीत असेल तर खाली जाऊन मूळ काय करणार? आणि फुलोऱ्यात, दाणे भरताना असा प्रयोग अजिबात करू नका.

मग संत्र्याला, डाळिंबाला आपण मुद्दाम ताण देतो तो कशासाठी?

बहार एकदम यावा म्हणून. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, झाडात अन्नसाठा वाढतो, आणि पाणी सोडल्यावर फूट येते ती फुलांची. हलक्या जमिनीत महिनाभरात झाड ताणावर येतं, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागू शकतात, कारण ती जमीन पाणी सोडतच नाही.

बागाईतदारांची चूक बहुतेक ताण देताना होत नाही, तोडताना होते. ताणात बारीक मुळं गळालेली असतात. एवढ्या मुळांवर एकदम भरपूर पाणी सोडलं की ती गुदमरतात. आंबवणीचं म्हणजे पहिलं पाणी हलकं, मग काही दिवसांनी चिंबवणी म्हणजे दुसरं, ही जुनी रीत नवा जारवा, म्हणजे बारीक पांढऱ्या मुळ्या, सुटायला वेळ देते. खताचा मोठा हप्ता पहिल्याच पाण्याला टाकायची घाई मला तरी कधी समजली नाही. ते घ्यायला खाली कोण आहे?

शेतात पाणी उभं आहे, तरी झाड सुकल्यासारखं का दिसतं?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, आणि बहुतेक वेळा कपाशीचा असतो. पंधरा-वीस दिवस उघडीप, कडक ऊन, मग एका रात्रीत धो-धो पाऊस. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं आणि दुपारपर्यंत मधली मधली झाडं माना टाकतात. यालाच कपाशी उमळणं म्हणतात. बरेच जण मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे आधीच बुडालेल्या मुळांवर आणखी पाणी.

मुळं श्वास घेतात. त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळपास बंद होतो, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. उरलासुरला प्राणवायू मुळं आणि जिवाणू मिळून संपवतात. मग मुळाच्या पेशी आंबवण्याच्या मार्गाने कशीबशी ऊर्जा काढतात, पेशीतली आम्लता वाढते आणि त्यामुळे पेशींच्या पडद्यातली पाणी आत घेणारी दारं मिटतात. वर ऊन पाणी मागतंय, खाली दारं बंद. झाड पाण्यात उभं राहून तहानतं. जोडीला मुळांतून इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा कच्चा माल वर जातो, पानांत त्याचं इथिलीन होतं, पानं झुकतात, पात्या-बोंडं गळतात. उमळण्यावर कोबाल्ट क्लोराइडची अगदी सौम्य फवारणी सुचवतात ती याचमुळे: कोबाल्ट इथिलीन तयार होणं रोखतो. ती काही तासांच्या आत झाली तरच उपयोग. त्याआधी चर काढून पाणी बाहेर घालवा.

मी एकदा अशाच शेतात दोन झाडं शेजारी-शेजारी उपटली, एक मान टाकलेलं, एक ताठ. ताठ झाडाचं सोटमूळ सरळ, कडेने पांढरे धागे. दुसऱ्याची बारीक मुळं तपकिरी, बोटांत धरून ओढली तर साल मोजा उतरावा तशी निघून आली आणि आतली तार तेवढी हातात राहिली. वासही आंबूस. दोन्ही झाडांमध्ये हातभर अंतर होतं, पण दुसरं जरा खोलगट जागी होतं.

मराठीत यासाठी इतका नेमका शब्द आहे की त्याचा हेवा वाटावा: वाफसा. ओल आहे, पण पोकळ्यांत हवाही आहे. मुठीत माती दाबली तर गोळा होतो, सोडला तर फुटतो. मुळाला पाणी हवं असतं हे अर्धंच खरं, मुळाला वाफसा हवा असतो. गादीवाफा आणि रुंद वरंबा-सरी यांचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

मग भात पाण्यात कसा जगतो?

भाताच्या मुळात हवेच्या नळ्या असतात. आतल्या काही पेशी मरून पोकळ्या होतात आणि पानांतून आलेली हवा टोकापर्यंत पोहोचते. शिवाय मुळाच्या बाहेरच्या अंगाला असा थर तयार होतो की वाटेत हवा गळू नये. टोकाशी थोडी गळते, तिथे पाण्यातलं लोह गंजतं. चिखलातून भाताचं रोप काढलं तर मुळावर तांबूस लेप दिसतो तो हाच, रोग नव्हे. मूळ काळं आणि वास सडक्या अंड्याचा असेल तर काळजी करा, आणि दोन दिवस बांध फोडून ठेवा.

मक्यातही अशा पोकळ्या होतात, पण संकट आल्यावर. आणि खाडीकाठच्या तिवरांनी तर मुळंच चिखलाबाहेर काढली आहेत, पेन्सिली रोवल्यासारखी ती श्वसनमुळं. महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीचीही तीच तऱ्हा.

घट्ट जमिनीत मूळ अडतं ते ताकद कमी पडते म्हणून का?

आपण इतकी वर्षं तसंच समजत होतो. २०२१ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातले बिपीन पांडे, माल्कम बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. मुळाच्या टोकातून इथिलीन वायू सतत निघत असतो. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांतून उडून जातो. घट्ट मातीत पोकळ्याच नसतात, वायू टोकाभोवती कोंडतो, आणि तो कोंडला की मूळ लांब व्हायचं थांबून जाड होतं. इथिलीन ज्यांना जाणवत नाही अशी भाताची रोपं त्याच घट्ट मातीत शिरत गेली! म्हणजे मूळ हरत नाही, ते इशारा मिळाल्यावर थांबतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने इलाज तोच आहे. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका, दरवर्षी एकाच खोलीवर नांगरू नका. सोटमूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेलं दिसलं, की तिथे नांगराच्या तळाचा घट्ट थर आहे असं समजा.

खारवट आणि चोपण जमिनीत फरक काय? मुळाला दोन्ही सारख्याच ना?

नाही. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर. क्षार पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ओल असूनही मुळाला ओढता येत नाही. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं (१५ टक्क्यांच्या वर), सामू (पीएच) ८.५ च्या वर. कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात, पाणी वर साचतं, सुकल्यावर दगड. म्हणजे इथे मुळाला मीठ, गुदमरणं आणि घट्टपणा तिन्ही एकदम. जिप्सम चोपणावर चालतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. नुसत्या खारवट जमिनीला जिप्समची गरज नसते, तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं. निचरा नसेल तर चोपणातही जिप्सम वाया. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जमिनी बिघडल्या त्या अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी, आणि आता तिथे सच्छिद्र पाइप पुरून पाणी काढावं लागतंय.

मूळ मिठाला एकदम आत येऊ देत नाही. आतल्या एका थरात पेशींच्या मधल्या फटी बुजवणारी पट्टी असते, तिथे क्षारांना पेशीतून जाऊनच पुढे सरकावं लागतं, आणि पेशी काहीसं निवडून घेते. कुणाची निवड कडक, कुणाची ढिली. द्राक्षवाल्यांनी थॉम्पसन या वाणाचं डोळाभरण दुसऱ्याच मुळावर करायला सुरुवात केली ती म्हणूनच: वरचा वाण आपला, खालचं मूळ टेक्सासमधल्या जंगली वेलीच्या वंशातलं डॉगरिज. ते क्षार आणि पाणीटंचाई चांगलं सोसतं, मात्र फार जोमदार असल्याने वाढीला आवर घालावा लागतो.

शेजारच्या पिकाला स्फुरद कमी पडतो तिथे तूर कशी तरते?

स्फुरद मातीत जागचा हलत नाही, मुळाला त्याच्याकडे जावं लागतं. तांबड्या जमिनीत तर तो लोहाशी बांधलेला असतो. तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल सोडतं, ते लोहाला पकडतं आणि स्फुरद मोकळा होतो. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत हे उलगडलं, निष्कर्ष १९९० मध्ये छापून आला. आपल्याकडे तूर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीत मिसळून पेरत आले आहेत, त्यामागे हेही एक कारण असावं.

जारवा वाढवायला बाजारातलं कुठलं औषध घेऊ?

आधी खड्डा खणा. वाफसा नसेल तर कुठल्याही बाटलीने मुळी सुटणार नाही. छाट कलमांना मुळं फुटायला आयबीए हे संप्रेरक उपयोगी पडतं हे पक्कं. ह्युमिक आम्लाचा परिणाम जमिनीनुसार बदलतो. बाकी बाटल्यांच्या लेबलवर मुळांचे फोटो फार सुंदर असतात.

कुंडीतली तुळस पाणी घालूनही वाळली. का?

कुंडीखाली बशी होती का? माझीही एक तुळस अशीच गेली. आई सकाळी पाणी घालायची, मी संध्याकाळी, आणि बशीतलं पाणी कुणीच ओतत नव्हतं. वाळल्यावर कुंडी उलटी केली तर मुळं बाहेरच्या कडेने गोल-गोल फिरलेली आणि तळाची काळी. वरचं बोटभर सुकलं की मगच पाणी घाला.

मुळं तपासायची कशी?

उपटू नका खरं तर, वर मी रागाने म्हटलं. उपटल्यावर पांढरी मुळी मातीतच राहते आणि सगळं झाड रोगट वाटतं. खोडापासून वीतभर सोडून फावड्याने मातीचा चौकोन काढा, बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजू द्या, मग हलकेच हलवा. पांढरी टोकं किती, वास कसला, सोटमूळ सरळ का वाकडं, एवढं बघा. गाठी दिसल्या तर घाबरून जाऊ नका. हरभऱ्या-तुरीच्या मुळावरची गाठ नखाने सहज सुटली आणि आतून गुलाबी निघाली, तर ते नत्र देणाऱ्या जिवाणूंचं घर आहे. मूळच जागोजागी सुजलेलं असेल, गाठ सुटत नसेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म जंत. तेव्हा फोटो पाठवा, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.